चार पानांची वेबसाइट पुरेल का?

वाचक-पत्र, थोडक्यात: मी नोकरी सोडून जुन्या लाकडी फर्निचरची दुरुस्ती, पॉलिश आणि वेताच्या खुर्च्या विणून देण्याचा व्यवसाय सुरू केला आहे. एकटीच काम करते. आतापर्यंतची कामं ओळखीतून आली, फोटो इन्स्टाग्रामवर टाकते. आता जो तो म्हणतो, वेबसाइट हवीच. एका एजन्सीनं ऑनलाइन खरेदी, चॅट, ब्लॉग, ॲप असं मोठं पॅकेज सुचवलं आहे. त्याचा आकडा ऐकून पोटात गोळा आला. भाचा म्हणतो, "मावशी, मी फुकट करून देतो." मैत्रीण म्हणते, इन्स्टाग्राम आहे ना, मग कशाला? मला तांत्रिक काही कळत नाही. साधीच वेबसाइट केली तर लोक आपल्याला हलक्यात घेतील, अशी भीती वाटते. अजून लोगोही ठरलेला नाही. इकडे फोनवर लोक रोज तेच तेच प्रश्न विचारतात आणि हातातलं काम सोडून उत्तरं द्यावी लागतात, ते वेगळंच. काय करू?

नमस्कार,

एजन्सी, भाचा आणि मैत्रीण यांची मतं तुम्ही सविस्तर लिहिली आहेत. मला मात्र तुमच्या पत्रातलं सर्वांत मोलाचं वाटलं ते तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलेलं वाक्य. लोक तेच तेच प्रश्न विचारतात. म्हणजे तुमच्या वेबसाइटवर काय असायला हवं, हे तुमची गिऱ्हाइकंच तुम्हाला रोज सांगताहेत. येता आठवडाभर फोनजवळ एक वही ठेवा. विचारलेला प्रत्येक प्रश्न त्या माणसाच्याच शब्दांत लिहून काढा आणि खाली तुम्ही दिलेलं उत्तरही लिहा. एवढं झालं की वेबसाइटचं निम्म्याहून अधिक काम उरकलं असं समजा. उरलेल्या निम्म्याचीच चर्चा तुमच्या भोवतीची मंडळी करत आहेत.

"मला तांत्रिक काही कळत नाही" हे वाक्य जरा तपासून बघू या. साधी वेबसाइट उभी करण्यातला तांत्रिक भाग आज शिकताही येतो, विकतही मिळतो किंवा कुणाकडून करून घेता येतो. पण दमट हवेत लाखेचं पॉलिश पांढुरकं पडतं म्हणून पावसाळी दिवसांत काम थोडं लांबतं, पाण्यानं फुगलेला पार्टिकल बोर्ड पुन्हा पूर्ववत होत नाही, वेताच्या बैठकीवर पाय देऊन उभं राहिलं की विणीला झोळ पडतो, हे कुठल्याही एजन्सीला लिहिता येणार नाही. ते तुम्हालाच कळतं. दुसरा कुणी मजकूर लिहील तर "आम्ही दर्जेदार सेवा वाजवी दरात पुरवतो" असं लिहील. ते वाक्य कुठल्याही धंद्याच्या वेबसाइटवर चालतं, म्हणूनच ते वाचून तुमच्याबद्दल कुणालाच काही कळत नाही. त्याऐवजी असं लिहून बघा: "लाकडी खुर्च्या, टेबलं, पलंग आणि कपाटं दुरुस्त करते. वेताच्या खुर्च्या विणून देते. प्लायवूड आणि पार्टिकल बोर्डचं काम घेत नाही." शेवटचं वाक्य लिहायला कचराल, कारण नवीन व्यवसायात कुणालाही नाही म्हणवत नाही. तरी लिहा. त्यानं तुमचे फोन कमी होतील आणि जे येतील ते कामाचे असतील.

आता हलक्यात घेतलं जाण्याची भीती. ती मी उडवून लावत नाही. आपल्या हातचं काम चार लोकांसमोर मांडताना तसं वाटतंच. पण माणसं विश्वास कशावर ठेवतात? ज्याच्या घरात आजोबांची आरामखुर्ची मोडून पडली आहे, त्याला पानावर सरकणारी चित्रं नको असतात. हिनं असं काम आधी केलंय का, कसं केलंय, फोन कुणी उचलतं का, अंदाजे किती दिवस लागतील, एवढं त्याला हवं असतं. याची उत्तरं पहिल्या अर्ध्या मिनिटात मिळाली तर वेबसाइट साधी आहे की भपकेबाज, हे त्याच्या लक्षातही येत नाही. विश्वास जातो तो दुसऱ्याच गोष्टींनी. "आमची अनुभवी टीम" असं वाचून आलेल्या माणसाला तुम्ही एकट्याच दिसलात, की तो बाकीच्या मजकुराकडेही संशयानं बघतो. म्हणून "मी" असंच लिहा. एकटी बाई स्वतः काम करते आणि स्वतःच फोन उचलते, ही या कामात जमेची बाजू आहे. दुसरीकडून उचललेले फोटो आणि दोन वर्षांपूर्वी शेवटचा मजकूर पडलेला ब्लॉग यांनीही असंच होतं. तसा ब्लॉग बघून धंदा चालू आहे की बंद पडला, हाच प्रश्न पडतो.

एजन्सीचं पॅकेज याच नजरेनं बघा. त्यांनी मांडलेल्या गोष्टी वाईट नाहीत, मात्र त्या तुमच्या कामाला लागू पडतात का? ऑनलाइन खरेदीत वस्तू आणि तिची किंमत आधी ठरलेली लागते. तुमचं काम वस्तू पाहिल्याशिवाय ठरत नाही. चॅटला उत्तर देणार कोण? तुम्हीच, पॉलिशचा बोळा हातात असताना. आणि वर्षा-दोन वर्षांतून एकदा लागणाऱ्या सेवेसाठी कुणी फोनवर ॲप ठेवत नाही. उद्या दुरुस्त केलेल्या जुन्या वस्तू विकायला लागलात तर खरेदीची सोय तेव्हा जोडता येईल. आज त्यासाठी पैसे अडकवू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. "गुगलवर पहिल्या क्रमांकावर आणू" अशी हमी कुणी देत असेल तर सावध राहा. असा क्रमांक कुणीही हमखास देऊ शकत नाही, हे गुगलनंच आपल्या मार्गदर्शनात लिहून ठेवलं आहे. "कीवर्ड टॅग भरून देऊ" असं म्हणत त्याचे वेगळे पैसे मागितले, तर तो टॅग, म्हणजे पानाच्या कोडमधली न दिसणारी शोधशब्दांची यादी, क्रमवारीसाठी वापरत नसल्याचं गुगलनं २००९ मध्येच जाहीर केलं आहे, एवढं लक्षात ठेवा.

तुमच्या मैत्रिणीचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. तुमचं काम डोळ्यांना दिसणारं आहे, आणि आधी-नंतरचे फोटो इन्स्टाग्रामवर छान उठून दिसतात. ते बंद करू नका. ओळखीतूनच हात भरून काम येत असेल आणि आणखी घ्यायला वेळच नसेल, तर वेबसाइट सहा महिने थांबली तरी बिघडत नाही. पण नुसत्या इन्स्टाग्रामवर विसंबून राहण्यात दोन अडचणी आहेत. एक म्हणजे तिथे ताजं वर येतं आणि जुनं खाली जातं. "किती दिवस लागतात" याचं उत्तर शोधायला कुणी तीन महिन्यांच्या पोस्ट चाळत बसत नाही. दुसरी अडचण मोठी आहे. ती जागा चालवण्याचा निर्णय तुमचा नसतो. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप एकाच वेळी सुमारे सहा तास बंद पडलं होतं. जगभरातल्या ज्या छोट्या धंद्यांचा ग्राहकांशी सगळा संपर्क या तिन्हींवरच होता, त्यांना त्या वेळात कुठेच बोलायची सोय उरली नाही.

याहून बोलकं उदाहरण पुढचं आहे. गुगल आपल्या बिझनेस प्रोफाइलसोबत, म्हणजे शोधात आणि नकाशावर दिसणाऱ्या धंद्याच्या नोंदीसोबत, छोट्या व्यावसायिकांना फुकट, आयती वेबसाइट करून देत असे. मार्च २०२४ मध्ये गुगलनं त्या सगळ्या बंद केल्या. त्या पत्त्यावर जाणाऱ्यांना काही काळ प्रोफाइलकडे वळवलं जात होतं, १० जून २०२४ नंतर तेही थांबलं. ज्यांनी तो फुकटचा पत्ता कार्डावर, पाटीवर, बिलांवर छापला होता, त्यांचा पत्ताच मेला. ज्यांनी स्वतःचं डोमेन नाव, म्हणजे वेबसाइटचा स्वतःचा पत्ता, घेतलं होतं, त्यांनी ते दुसऱ्या वेबसाइटकडे वळवलं आणि ग्राहकाला फरक कळलाही नाही.

म्हणून भाचा की एजन्सी, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. आधी ठरवायचं ते हे, की डोमेन कुणाच्या नावावर असणार. उत्तर एकच आहे, तुमच्या. भाच्याच्याही नाही आणि "आम्ही सगळं बघतो" म्हणणाऱ्या एजन्सीच्याही नाही. मागे फसवण्याचा हेतू असेलच असं नाही. भाचा उद्या नोकरीनिमित्त दूर जाईल, एजन्सी कदाचित बंद पडेल, आणि नूतनीकरणाची सूचना तुम्ही कधीच न पाहिलेल्या एखाद्या ईमेलवर जात राहील.

डोमेन म्हणजे वेबसाइटचा पत्ता. तो रजिस्ट्रार नावाच्या कंपन्यांकडे नोंदवतात. डॉट कॉम नाव एका वेळी एक ते दहा वर्षांसाठी घेता येतं, कायमचं कुणालाच मिळत नाही. पहिल्या वर्षाचा दर बहुधा सवलतीचा असतो, म्हणून पुढच्या वर्षांचा दर आधी बघा. नोंदणी तुमच्या नावानं, तुमच्या ईमेलवर, तुमच्या कार्डानं करा. ते ईमेल त्याच डोमेनवरचं नको, कारण डोमेन बंद पडलं की ते ईमेलही बंद पडतं आणि ते सोडवून घ्यायला आलेला निरोप तुमच्यापर्यंत पोचत नाही. आपोआप नूतनीकरण चालू ठेवा. मुदत टळलीच तर डॉट कॉमसारख्या नावांना साधारण थोडी सवलतीची मुदत मिळते. त्यानंतर तीस दिवस बराच जादा आकार भरून नाव परत घेता येतं. पुढे ते मोकळं होतं आणि कुणीही उचलू शकतं. घरून काम करत असाल तर रजिस्ट्रारकडे दिलेला पत्ता आणि फोन लोकांना दिसू नये, ही सोय चालू आहे ना ते तपासा.

नाव निवडताना ते फोनवर एकदाच सांगून बघा. समोरच्याला स्पेलिंग विचारावं लागलं, तर नाव बदला. मध्ये आडव्या रेघा आणि आकडे नकोत. लोगोसाठी थांबू नका. धंद्याचं नाव स्वच्छ, ठळक अक्षरात लिहिलं तरी सध्या भागतं.

वेबसाइट कशात करायची? मला तीन मार्ग दिसतात. विक्स, स्क्वेअरस्पेस यांसारखे बिल्डर, म्हणजे तयार साच्यांतून वेबसाइट जुळवू देणाऱ्या सेवा, घेतल्या तर दरमहा किंवा दरवर्षी पैसे जातात, पण सुरक्षितता, अपडेट, होस्टिंग (वेबसाइट इंटरनेटवर ठेवायची जागा) ही डोकेदुखी त्यांची. मात्र ती वेबसाइट जशीच्या तशी उचलून दुसरीकडे नेता येत नाही, तेव्हा मजकूर आणि मूळ फोटो तुमच्याकडे वेगळे जपून ठेवा. दुसरा मार्ग वर्डप्रेस, वेबसाइट चालवायचं सॉफ्टवेअर. ते २००३ मध्ये आलं आणि आज जगातल्या चाळीस टक्क्यांहून अधिक वेबसाइट त्यावर चालतात, त्यामुळे मदत करणारा माणूस कुठेही सापडतो आणि मजकूर हलवणंही सोपं जातं. पण स्वतःच्या होस्टिंगवर ते चालवलं तर प्लगइन, म्हणजे त्याला जोडलेले छोटे प्रोग्रॅम, वेळच्या वेळी अपडेट करावे लागतात. दुर्लक्षित जुन्या प्लगइनमधूनच बऱ्याचदा घुसखोरी होते. तिसरा मार्ग, भाच्यानं हातानं लिहिलेली साधी एचटीएमएल (वेबपानांची मूळ भाषा) पानं. ती हलकी, वेगवान आणि जवळजवळ बिनदेखभालीची असतात. एकच अडचण आहे, एक आकडा बदलायचा तरी तुम्हाला भाच्याला फोन करावा लागेल.

माझी कसोटी साधी आहे. रात्री काम आटोपल्यावर, कुणालाही न विचारता, तुम्हाला त्या वेबसाइटवरचं एक वाक्य बदलता येतं का? "पुढचे पंधरा दिवस नवीन काम घेत नाही" हे तिथे चढवता येतं का? येत नसेल तर ती कितीही सुंदर असली तरी तुमच्या उपयोगाची नाही. तुम्ही एकट्या आहात आणि दिवसाचा वेळ हातकामात जातो, म्हणून मी तुम्हाला बिल्डर सुचवेन. त्यातली त्यांची एखादी तयार, साधी थीम (पानांच्या मांडणीचा साचा) घ्या आणि तिच्या रंगांशी खेळत बसू नका.

पानं चार पुरतील. खरं तर एका लांब पानावरही भागेल. अगदी वर, बोटानं सरकवण्याआधी दिसेल अशा जागी, काय करता, कोणत्या भागात करता आणि संपर्क कसा करायचा हे हवं. मग कामाचे नमुने, नंतर काम कसं चालतं ते आणि वहीतली प्रश्नोत्तरं, आणि थोडंसं तुमच्याबद्दल. किंमत लिहायची की नाही, हा प्रश्न तुम्हाला पडणारच. नेमकी लिहिता येत नसली तर ती कशी ठरते ते लिहा: "दोन फोटो पाठवा, एक पूर्ण वस्तूचा आणि एक मोडलेल्या भागाचा. लांबी-रुंदी कळवा. अंदाज सांगते. नक्की रक्कम वस्तू पाहिल्यावर ठरते." बघायला येण्याचा आकार आणि आगाऊ रक्कम घेत असाल तर तेही तिथेच लिहा. पैशाचं अवघड बोलणं आधीच लेखी असलं की तोंडावर बोलताना संकोच उरत नाही.

फोटोंवर मात्र वेळ घालवा, कारण तुमच्या धंद्यात तेच बोलतात. दुरुस्तीआधीचा आणि नंतरचा फोटो एकाच जागेवरून, एकाच कोनातून, दिवसाच्या उजेडात घ्या. जमिनीवर खूण करून ठेवली तर दोन्ही वेळा कॅमेरा तिथेच येतो. सांध्याचे आणि विणीचे जवळून घेतलेले फोटोही हवेत, जाणकार गिऱ्हाईक तेच बघतं. दहा चांगले नमुने चाळीस साधारण नमुन्यांपेक्षा बरे. ज्यांची वस्तू आहे त्यांची परवानगी घ्या, आणि मागे त्यांच्या घरातलं काही दिसत नाही ना ते बघा. मोबाइलचा फोटो कित्येक एमबीचा असतो. रुंदी सुमारे १६०० पिक्सेलपर्यंत आणून तो तीनशे केबीच्या आत बसवा, नाहीतर पान उघडायला वेळ लागतो आणि माणूस परत जातो. प्रत्येक फोटोला साध्या शब्दांत वर्णन द्या, "मोडलेल्या हाताची आरामखुर्ची, दुरुस्तीनंतर" असं. न दिसणाऱ्या माणसाला वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर आणि शोधयंत्र, दोघांनाही ते लागतं. याच कारणासाठी फोन नंबर किंवा दर चित्रात लिहून टाकू नका. मराठी मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे फोनवर मराठी टाइप होतं त्याच पद्धतीत, टाइप करा. छपाईच्या जुन्या फाँटमधला मजकूर शोधात सापडत नाही.

सगळं फोनवर बघा, संगणकावर नंतर. गुगल आता पानांची मोबाइलवर दिसणारी आवृत्तीच नोंदवतं. हा बदल २०१६ मध्ये जाहीर झाला आणि २०२३ मध्ये पूर्ण झाल्याचं गुगलनं सांगितलं. नंबरावर बोट ठेवलं की फोन लागला पाहिजे. पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपीएस (https) हवं, म्हणजे वेबसाइटशी होणारी देवाणघेवाण सांकेतिक रूपात जाते. ते नसेल तर क्रोम ब्राउझर जुलै २०१८ पासून वेबसाइटला "सुरक्षित नाही" असं लेबल लावतो. त्यासाठीचं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टसारख्या ना-नफा सेवेकडून फुकट मिळतं आणि बहुतेक होस्टिंग ते आपणहून बसवतात. म्हणून त्याचा वेगळा आकार कुणी लावला तर कारण विचारा.

तयार झालं की तुमच्या कामाशी काहीही संबंध नसलेल्या माणसाच्या हातात फोन द्या. "तुझी खुर्ची मोडलीय, आता काय करशील?" एवढंच विचारा आणि गप्प बसा. तो जिथे अडखळेल तिथे मजकूर दुरुस्त करा. संपर्काचा फॉर्म ठेवलात तर स्वतः भरून बघा, आलेलं ईमेल स्पॅममध्ये तर गेलं नाही ना?

एक अपेक्षा आधीच नीट ठेवा. वेबसाइट सुरू झाली की अनोळखी ग्राहकांची रीघ लागेल, असं होणार नाही. नवीन पान शोधात वर यायला काही आठवडे, कधी महिने लागतात. सुरुवातीला ती उघडणारे लोक बहुतेक कुणाकडून तरी तुमचं नाव ऐकून आलेले असतील. त्यांचं मन पक्कं करणं, हेच तिचं पहिलं काम. अनोळखी माणसांसाठी या आठवड्यातच गुगल बिझनेस प्रोफाइल उघडा. त्याला पैसे पडत नाहीत आणि त्यासाठी वेबसाइटही लागत नाही. घरचा पत्ता नकाशावर नको असेल तर तो लपवून फक्त सेवा देता तो भाग दाखवता येतो. नाव आणि फोन नंबर तिथे, इन्स्टाग्रामवर आणि वेबसाइटवर तंतोतंत सारखेच ठेवा.

भाच्याबद्दल. तो मनापासून म्हणतोय, त्याला नाही म्हणू नका. पण "फुकट" हा शब्द नीट हाताळा. फुकटच्या कामाची आठवण करून द्यायला आपल्याला अवघड वाटतं आणि ते रेंगाळतं. मग नात्यातही उगाच कुरबुर येते. त्याला ठरावीक मोबदला द्या आणि ठरावीक काम सांगा: दोन बैठकींत वेबसाइट उभी करायची, तो शेजारी बसेल, माउस तुमच्या हातात असेल. पासवर्ड तुम्ही ठरवाल, दोन टप्प्यांचं लॉगिन (पासवर्डनंतर लागणारा कोड) तुमच्या फोनवर असेल, आणि कोणतं खातं कुठे आहे व त्याची मुदत कधी संपते हे त्याच वहीच्या मागच्या पानावर लिहाल. पासवर्ड मात्र तिथे नकोत, ते पासवर्ड मॅनेजरमध्ये, म्हणजे पासवर्ड कुलूपबंद जपणाऱ्या ॲपमध्ये, ठेवा.

आणि एवढं सगळं वाचूनही एजन्सीकडेच जावंसं वाटलं, वेळ नाही म्हणून किंवा निवांतपणासाठी, तरी त्यात चुकीचं काही नाही. तेव्हा त्यांना पॅकेजऐवजी एवढंच लिहून पाठवा: "मला चार पानं हवी आहेत, मजकूर आणि फोटो माझे. डोमेन माझ्या नावावर असेल, मुख्य लॉगिन माझ्याकडे राहील, मजकूर मला स्वतः बदलता आला पाहिजे. दरवर्षीचा आकार कशासाठी आहे ते वेगवेगळं लिहून द्या, आणि उद्या मला दुसरीकडे जायचं झालं तर काय काय सोबत नेता येईल तेही कळवा." त्यांचं उत्तर आलं की मग आकडा बघा.